चोळीबांगडीची दोन खाचरं

राब भाजायचं काम चैत्रात उरकायला हवं होतं. त्या साली वैशाख निम्मा सरला तरी गोजराबाईचा राब तसाच पडून होता, कारण जया महिनाभर तापानं अंथरुणाला खिळली होती आणि एकट्या बाईच्यानं डोंगरातून पाल्याचे भारे ओढून होत नव्हते. शेवटी एका सकाळी मायलेकींनी मिळून ते उरकायला घेतलं. शेणाचा थर, त्यावर वाळल्या फांद्या, त्यावर पाला नि गवत, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून मातीचा हात. गोजराबाईनं वाऱ्याच्या उलट अंगानं जाळ लावला. राब असाच पेटवायचा असतो. वाऱ्याच्या अंगानं पेटवला की भडकतो आणि विझतो; उलट लावला की जमीन हळूहळू भाजते, आणि भाताचं रोप तिथंच चांगलं उगवतं.

धुरातून खाकी कपड्यांतला एक माणूस बांधावर आला. पौडवरून चालत आला होता. बगलेत छत्री, हातात कागद.

"गोजराबाई कोम गेणबा कोण?"

"मीच. जरा दम खावा, राब पेटलाय."

"मला कोळवणात आणखी दोन ठिकाणी जायचंय, बाई."

"जावा की. पर आता सोडला तर शेजारचं गवत पेटंल. मग त्याचाबी कागद तुमालाच आणावा लागंल."

कोर्टाचा तो बेलिफ हसला आणि आंब्याच्या सावलीला बसला. जाळ बसल्यावर ती तांब्यातल्या पाण्यानं हात धुऊन आली. अंगठ्यावरचं काळं काही जाईना. बेलिफानं तिचा अंगठा धरून स्वतःच्या रुमालानं पुसला, जनावराचा खूर पुसावा तसा, आणि शाईत दाबला. तिला ते लागलं.

"काय लिवलंय त्यात?"

"तुमच्या दिरानं दावा लावलाय. भिवाजीनं. तुम्ही मुलीच्या नावानं केलेलं बक्षीसपत्र रद्द करा, जमीन माझी आहे, असं म्हणतो. पुण्याला तारीख आहे."

जया राखेच्या कडेला उभी होती. तिनं एकदा आईकडं पाहिलं आणि खाली बसून उरलेले निखारे काठीनं पसरू लागली.

गोजराबाईचा नवरा गेणबा पंधरा वर्षांपूर्वी गेला तेव्हा जया बारा वर्षांची होती. घर एकत्र होतं. पंच बसले आणि धाकट्या भिवाजीनं सगळ्यांच्या देखत ओढ्याकाठची दोन खाचरं वहिनीला चोळीबांगडीसाठी दिली. विधवेनं बांगडी भरायची नाही, तरी तिच्या पोटाला दिलेल्या तुकड्याला सगळे चोळीबांगडीचंच म्हणत. ती मेली की तुकडा परत घरात जायचा. असं कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण तसं नाही असंही कुणी म्हटलं नव्हतं.

जयाला कासारसाईला दिली. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली आणि ही पाच वर्षांपूर्वी बोचकं घेऊन परत आली. तेव्हापासून गोजराबाईच्या मनात एकच गोष्ट होती. मी मेल्यावर ही कुठं जाईल? भिवाजी तिला हाकलणार नाही. पण ओट्याच्या कडेला बसवून वाढतील, आणि वाढताना हात आखडतील. पौडच्या बाजारात सरकारच्या एक ताई बायांना जमवून सांगत असत. त्यांनी सांगितलं, दिल्लीत कायदा झालाय, बाईच्या ताब्यातली जमीन आता तिची पुरती, ती कुणालाही देऊ शकते. गोजराबाईनं तीन बाजार ते ऐकलं. चौथ्या बाजाराला ती जयाला घेऊन कचेरीत गेली आणि कागद करून आली.

समन्स आलं त्या दिवशी दिवे लागायच्या आधी ती दिराच्या ओट्यावर गेली. भिवाजी दावं वळत बसला होता.

"भावजी, कागद आला."

"येनारच. वकील म्हनला व्हता, म्हैन्याभरात येतुया. बसा, वैनी."

"लेकीला दोन तुकडं दिलं तर एवढं काय आभाळ कोसळलं?"

"लेकीला जमीन? उद्या त्यो कासारसाईवाला येऊन बांधावर हुबा ऱ्हाईल, मग? आवं, तुमी हाय तवर खावा की. मी कदी तुमचा दाना मोजला का?"

"न्हाई मोजला."

"मंग?"

"मी गेल्यावर तिचा मोजाल."

भिवाजीच्या हातातलं दावं थांबलं. आतून त्याची बायको चंद्राबाई चहाच्या दोन कपबश्या घेऊन आली आणि दोघांच्या मध्ये ठेवून म्हणाली, "कोर्ट कोर्टात करा. हितं च्या प्या."

---

मेहेंदळे वकिलांची कचेरी शनिवार पेठेत, माडीवर होती. त्या काळी कोळवणातून पुण्याला जायचं म्हणजे पहाटे कंदील घेऊन पौडला चालत यायचं आणि एस.टी. धरायची. मायलेकी माडीवर पोचल्या तेव्हा गोजराबाईच्या पायाला धुळीचे मोजे चढले होते. कारकून म्हणाला, "जिन्याशीच बसा." त्या बसल्या. दोन शेठ नंतर येऊन आधी आत गेले.

वकील म्हातारे होते आणि समजावून सांगणारे होते.

"खाचरं दिली तेव्हा कागद केला होता?"

"न्हाई जी. तोंडीच. पंचांच्या म्होरं."

"फार बरं झालं."

"आजवर त्याच्यापायी समदे मला खुळी म्हनत्यात."

"कागदावर 'हयातीपुरती' हा एक शब्द असता ना, तर तोच तुमच्या गळ्याशी आला असता. पोटगीसाठी दिली, तुम्ही घेतली, आणि कायदा आला त्या दिवशी तुमच्या ताब्यात होती, एवढं ठरलं की ती तुमची पुरती. कायदा नवा आहे, मोठमोठ्या कोर्टांतून अजून त्याचा खल चाललाय. पण तुमची बाजू धडधाकट आहे. ताबा तेवढा दाखवा."

"ताबा म्हंजी?"

"जमीन कोण वहिवाटतं?"

"मी. आनि ही."

वकिलांनी एक कागद पुढं ओढला. "तलाठ्याच्या पीकपाहणीत चौदा वर्षं भिवाजीचं नाव आहे. का?"

गोजराबाईनं पदर सारखा केला. "तलाठी आला की भावजीच म्होरं व्हायाचं. मी आपली पदर घिऊन बांधाच्या अंगाला. घरचा बाप्या बोलत असताना मी मधी कशी बोलू?"

"दरवर्षी?"

"दरसाल."

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नांगर कोण धरतं?"

"भावजी. बाईनं नांगराला हात लावायचा नसतुया."

"हं," वकील म्हणाले. "तिथंच ते आपल्याला धरणार."

---

आषाढ लागला. राबातलं रोप वीतभर झालं, ओढे डोंगरावरून पांढरे होऊन उतरू लागले. खाचरात पाणी तुंबलं की चिखलणी करायची आणि मऊ चिखलात रोप लावायचं, हे काम थांबत नाही. दावा लागला म्हणून भिवाजी थांबला नाही. दर वर्षीसारखा तो औत घेऊन आला, बैल थेट वरच्या खाचरात घातले, आणि दिवसभर गुडघाभर चिखलात त्यानं दोन्ही खाचरं लोण्यासारखी करून दिली.

कोळवणात याला सावड म्हणत. ज्याच्याकडं बैल त्यानं औताचा दिवस द्यायचा, ज्याच्याकडं हात त्यानं लावणीचे दिवस फेडायचे. गेणबा गेल्यापासून गोजराबाईचं आणि भिवाजीचं ठरलेलं होतं. त्याचा औताचा एक दिवस, हिचे लावणीचे दोन.

बैल सोडता सोडता भिवाजी पलीकडं तोंड करून म्हणाला, "वैनी, औंदा आमच्याकडं लावनीला येऊ नका."

"का?"

"नगं. आमी बघून घिऊ."

"आन तुमचा औताचा दिस?"

"त्यो ऱ्हाऊ द्या."

तो गेला. गोजराबाई रोपाची जुडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. पाऊस इरल्यावर तडतडत होता. हा माणूस बियाला ठेवलेलं भात मूठ मूठ मोजणारा. पाहुण्याला जेवू घालील, पण कुणाचा दिवस अंगावर ठेवणार नाही आणि आपला कुणावर सोडणार नाही. तो लावणीच्या ऐन तोंडावर चार हात नको म्हणतो?

दोन दिवसांत मायलेकींनी आपली खाचरं लावली. तिसऱ्या दिवशी गोजराबाईनं बांधावरून पाहिलं. भिवाजीच्या शेतात चंद्राबाई आणि तिची सून अशा दोघीच वाकलेल्या. आठ खाचरं बाकी होती. राबातलं रोप पिवळं पडून जून होत चाललं होतं.

"चल," ती जयाला म्हणाली.

"नगं म्हनल्यात ना तात्या?"

"ते म्हनल्यात. आपन फेडायचं हाय."

दोघी जाऊन रांगेत उतरल्या. चंद्राबाई कंबर धरून सरळ झाली आणि खाचराच्या पलीकडं बैलांमागं असलेल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आली गं माझी बाई! ह्या मानसाच्या वकिलाला आनून हितं वाकवा म्हनावं, मंग कळंल त्याला लावनी म्हंजी काय ती!"

"वकिलाचं काय मधीच?" गोजराबाईनं विचारलं.

चंद्राबाईनं आवाज खाली केला. "त्योच म्हनला, औंदा त्यांच्याकडनं काय घिऊ नका, नुसतं औत घाला. का ते ह्यांनाबी कळंना. मला इचारा, आख्खी रात माशी बसल्यावानी कुशी बदलत व्हतं. कुनाचं फुकाट करायची सवय हाय व्हय ह्यांना?"

भिवाजी बैलांना 'हो हो' करत वळला. दोन दिवस दोघी त्याच्या चिखलात वाकल्या. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन कातडी पांढरी पडली, पाठीचा कणा संध्याकाळी सरळ होईना. गोजराबाईच्या डोक्यात मात्र एकच फिरत होतं. शहाणा वकील आठ खाचरांचं नुकसान करून हे हात नको म्हणतो, तर ह्या हातांतच काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी शेवटची जुडी चिखलात खोचताना ते तिला नीट दिसलं. ती एकटीच हसली.

"काय झालं, आये?" जयानं विचारलं.

"काय न्हाई. गाठ घावली."

---

भात कापून, झोडून झाल्यावर मार्गशीर्षात तारीख पडली. वादी आणि प्रतिवादी एकाच एस.टी.त बसून पुण्याला गेले, कारण दुसरी एस.टी. नव्हती. भिवाजीच्या बाजूनं कोंडिबा आणि नथू असे दोन साक्षीदार होते. कोंडिबानं वाटेत गोजराबाईला सरकून जागा दिली.

आधी भिवाजी पिंजऱ्यात उभा राहिला. धुतलेलं धोतर, नवी टोपी, छातीवर हात. जमीन घराण्याची, तलाठ्याच्या दप्तरी नाव माझं, औत माझं, वहिनीला दया म्हणून खाऊ देतो, असं त्यानं पढवल्याप्रमाणे सांगितलं. मेहेंदळ्यांनी उलट तपासाला दप्तर पुढं केलं. तो हलला नाही. दप्तरात होतं तेच तो बोलत होता. दुपारची सुट्टी झाली तेव्हा वकिलांचा चेहरा उतरलेला होता.

व्हरांड्यात फरशीवर मायलेकी भाकरी सोडून बसल्या होत्या. वकील जवळून जाताना गोजराबाई उठली.

"वकीलसायेब, येक इचारा त्यांना. मी चवदा वरसं, आनि परत आल्यापास्नं हीबी, त्यांच्या खाचरात लावनी करतोय. ती येठ व्हती का?"

"वेठ?"

"येठ म्हना. दुसरं काय म्हनू नका. लबाड म्हनाल तर गप ऱ्हातील, चोर म्हनाल तरी गप ऱ्हातील. इधवेला येठीला धरली म्हनलं तर गप ऱ्हानार न्हाईत. मी वळखते त्यांना."

वकील दोन पावलं माघारी आले. मग म्हणाले, "बाई, भाकरी खाऊन घ्या," आणि झपाझप आत गेले.

दुपारी मेहेंदळे उठले. दप्तर त्यांनी बाजूला ठेवलं होतं.

"भिवाजी, ही तुमची विधवा भावजय आणि नवऱ्यानं टाकलेली पुतणी. चौदा वर्षं भावजय, आणि परत आल्यापासून पुतणीही, तुमच्या शेतात लावणीला राबतात, खरं ना?"

"येत्यात."

"मजुरी देता?"

"न्हाई."

"धान्य?"

"न्हाई."

"म्हणजे दोन निराधार बायांना इतकी वर्षं वेठीला धरलंत."

भिवाजीच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. त्याचा वकील उठायला लागला, पण त्याच्या आधी भिवाजीच बोलला.

"येठ? कोन म्हनतंय येठ?"

"मग फुकट का राबवलंत?"

"फुकाट? भिवाजीनं कुनाचा हात फुकाट घेतलाय? त्यांच्या लावनीच्या दोन दिसाला माझा औताचा येक दिस! चवदा वरसं! येक दिस म्हागंम्होरं झाला न्हाई. त्यो कोंडिबा बसलाय, इचारा त्याला! इचारा समद्या कोळवनाला!"

बाकावरून कोंडिबानं जोरात मान हलवली. "खरं हाय, खरं हाय. सावडीचा लई चोख गडी."

"म्हणजे," मेहेंदळे अगदी हळू म्हणाले, "त्यांची खाचरं तुम्ही नांगरलीत, ते त्यांनी तुमच्याकडून करवून घेतलं, आणि त्याचं दाम त्यांनी पुरतं फेडलं."

"फेडलं म्हनजे? पुरतं फेडलं! त्यांच्यावर बोट न्हाई ठिवू देनार कुनाला..."

आणि मग भिवाजी थांबला. आपल्या वकिलाच्या चेहऱ्याकडं त्यानं पाहिलं. न्यायाधीश खाली मान घालून लिहीत होते, आणि कोर्टात फक्त टाकाचा आवाज होता. गोजराबाईला वाटलं होतं, आपल्याला आनंद होईल. झालाही. पण त्याच्या आत, का कोण जाणे, दिराचा अभिमानही वाटला. हाच गडी खोटं बोलून सुटू शकला असता.

मग तिची पाळी आली. पिंजऱ्याचा कठडा तिच्या छातीला लागत होता. भिवाजीचा वकील चिडलेला होता.

"बाई, कधी नांगर धरलात?"

"न्हाई."

"एकदा तरी?"

"न्हाई जी."

"सरकार म्हणतं, कसेल त्याची जमीन. ज्यानं नांगरली त्याची. मग ही जमीन तुमची कशी?"

तिनं क्षणभर विचार केला. "सायेब, नांगर वढला बैलांनी. मंग बैलांच्या नावावर करा."

मागं कुणीतरी फुसकन हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं नाही, पण लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला.

"राब भाजला मी," ती म्हणाली. आता तिला कुणी विचारलं नव्हतं. "बी पेरलं मी. बांधाला खेकडं भोकं पाडत्यात, ती राती पावसात जाऊन बुजवली मी. लावलं, बेनलं, कापलं आमी दोघींनी. खाल्लं आमी. औताचा येक दिस त्यांचा, आनि त्योबी फेडला. आता आनखी काय करायचं ऱ्हायलं, जमीन आपली म्हनायला?"

वकील खाली बसला.

निकाल फाल्गुनात लागला. खाचरं पोटगीत मिळाली, कायदा झाला त्या दिवशी बाईच्या ताब्यात होती, म्हणून ती बाईची पुरती, दप्तरातलं नाव नुसतं नाव, बक्षीसपत्र कायम. व्हरांड्यात भिवाजीच्या वकिलानं त्याला अपिलाचं सांगितलं. गोजराबाई चार हातांवर होती. तिनं दिराचं उत्तर ऐकलं.

"न्हाई. माझ्या तोंडानं बोललोय ते खरं हाय. वरच्या कोर्टात जाऊन ते खोटं करू व्हय?"

परतीच्या एस.टी.त तो पुढच्या बाकावर बसला आणि पौड येईपर्यंत त्यानं मागं पाहिलं नाही.

---

त्या वर्षी राब वेळेवर भाजला. जयानंच भाजला. रोप हिरवंगार उठलं. पण आषाढ लागला तरी औताला कुणी आलं नाही. भिवाजीनं अबोला धरला होता, आणि त्याचं बघून भावकीतलाही कुणी बैल द्यायला तयार नव्हता. नथू म्हणाला, "वैनी, माझी ना न्हाई, पर भिवादादाला काय वाटंल?" ज्याला त्याला भिवादादाला काय वाटेल याची काळजी होती. खाचरात पाणी भरून वाहत होतं. आणखी पाच-सहा दिवसांत रोप जून झालं असतं. न्यायाधीशांचा निकाल पेटीत होता आणि शेत पडून होतं.

भिवाजीच्या आठ खाचरांचीही चिखलणी झाली होती आणि लावायला माणसं नव्हती. तीन सकाळी चंद्राबाई नवऱ्याला ऐकवत राहिली, ते दोन घरांपलीकडं गोजराबाईला ऐकू येत होतं. "कोर्टात सांगून आलंत, चवदा वरसं येक दिस चुकला न्हाई. आता ह्या साली चुकवा. म्हंजी पंधराव्या वरसाला लबाड ठराल."

चौथ्या दिवशी सकाळी मायलेकी बांधावरचं गवत काढत होत्या. धुक्यातून आधी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, मग भिवाजी दिसला. डोक्यावर पोत्याची खोळ, खांद्यावर नांगर. दर वर्षी तो बैल थेट खाचरात घालायचा. आज तो बांधावर थांबला. बैल पुढं ओढत होते, त्यानं कासरा आवळून धरला.

"वैनी, उतरू का?"

गोजराबाईनं खुरपं खाली ठेवलं. आत्तापर्यंतच्या आयुष्यात कुणी पुरुषानं तिला काही विचारून केलेलं तिला आठवेना. पण ती बोलली तेव्हा आवाज नेहमीचाच होता.

"मला काय इचारता, भावजी? मालकीन ती हाय."

भिवाजीनं मान वळवली. जया चिखलात घोट्याएवढी उभी होती. जन्मात ती चुलत्याशी समोरासमोर दोन शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं तर चंद्राबाईकडून सांगायची. पाऊस तिच्या कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. तिनं तो मनगटानं पुसला. वरच्या खाचराकडं पाहिलं, मग खालच्या.

भिवाजी वाट बघत होता. बैल वाट बघत होते.

"तात्या," जया म्हणाली, "खालनं धरा. वरल्यात पानी अजून बसलं न्हाई, ढेकळं ऱ्हातील."

त्यानं वरच्या खाचरात पायाची टाच रुतवून पाहिली. पाणी खरंच बसलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला, आणि बैल खालच्या अंगाला वळवले.